चार किलोचे चोवीसशे रुपये: विमानात सामानाचा हिशोब होतो तरी कसा?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून हैदराबादला निघालात. बॅगेत डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, किलोकिलोचे गुळाचे रवे, वर्षाची चटणी आणि बाळाची दुपटी. उजळाईवाडीच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूर विमानतळाच्या, काउंटरवर बॅग १९ किलो भरली, फुकट मर्यादा निघाली १५ ची आणि वरच्या ४ किलोचे २,४०० रुपये तिथेच भरावे लागले. तिकीटच मुळात ३,१०० चं. तुम्ही विचारलंय, "पूर्वी २० किलो चालायचं, मग आता काय झालं? ही सरळ लूट नाही का? आणि माझ्या शेजारचा गृहस्थ शंभर किलोचा तरी असेल, त्याला कुणी काट्यावर उभं केलं नाही!"

मी या धंद्यात २६ वर्षं आहे. पहिली अकरा मुंबईच्या विमानतळावर गेली. आधी काउंटरवर बॅगा मोजल्या, मग लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा आणि तोलाचा हिशोब, करायच्या खोलीत बसलो. त्यानंतर गावी येऊन शाहूपुरीत तिकिटांचं दुकान टाकलं. म्हणजे जादा वजनाचे पैसे मी घेतलेत, आणि गिऱ्हाइकाच्या वतीने त्यावरून भांडलोही आहे. त्यामुळे कंपनीची बाजू घेतोय असं वाटलं तर थोडं थांबा, पुढे तुमचीही घेणार आहे.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. जादा वजनाने कंपनीला खरोखर खर्च येतो का? फुकट मर्यादा कमी का केली? आणि काउंटरवरचा दर इतका जबर का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. लोक ती एकत्र कालवतात आणि मग "इंधन महाग झालं म्हणून" असं एकच उत्तर सगळीकडे ऐकू येतं.

आधी इंधनाचंच बघू. आमच्या खोलीतला ठोकताळा असा होता की विमानात जे वजन जादा चढेल, त्याच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला जादा जळतं. विमान कुठलं, किती उंचीवरून जातंय, यावर आकडा थोडा हलतो. हैदराबाद साधारण तासाभराचं. तुमच्या ४ किलोंना चार टक्क्यांनी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम इंधन लागलं. उदार हाताने पाव लिटर धरा. विमानाचं इंधन १०० रुपये लिटर धरलं तरी पंचवीस रुपये झाले. तुम्ही भरले २,४००. म्हणजे तुमच्या एका बॅगेपुरतं बोलायचं तर इंधन हे कारण नव्हे.

पण कंपनी एका बॅगेचा हिशोब करत नाही. १८० आसनांच्या विमानात प्रत्येकाने सरासरी ५ किलो कमी आणले, तर ९०० किलो वाचले. तासाला ३६ किलो इंधन, म्हणजे ४५ लिटर, म्हणजे साडेचार हजार रुपये. दिवसाला हजार उड्डाणं करणाऱ्या कंपनीचे रोजचे ४५ लाख. आपल्याकडे विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असतो आणि हे इंधन अजून जीएसटीत नाही, त्यावर राज्यांचा व्हॅट वेगळा लागतो. अशा धंद्यात ४५ लाख कुणी सोडत नाही. शिवाय ते वाचलेले ९०० किलो रिकामे जात नाहीत. तुमच्या पायाखाली विमानाच्या पोटात औषधं, फुलं, कुरियरच्या गोण्या, मोबाइलचे खोके चाललेले असतात. बॅगा कमी आल्या की तेवढा माल विकता येतो.

आता शेजारच्या शंभर किलोच्या गृहस्थाबद्दल. हा प्रश्न मला काउंटरवर दर आठवड्याला एकदा तरी यायचा, आणि विचारणारा नेहमी सडपातळ असायचा. माणसांचं वजन सरासरीने धरतात. आम्ही प्रौढ माणूस हातातल्या पिशवीसकट ७५ किलोचा धरत असू. शंभरचा एक आला तर पन्नासची एक येतेच, गर्दीत ते मिटून जातं. बॅगांचं मात्र तसं मिटत नाही. लग्नसराईत किंवा दिवाळीला सगळ्यांच्याच बॅगा एकदम फुगतात. म्हणून माणूस अंदाजाने आणि बॅग काट्यावर.

तुमच्या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान येतं, आणि तिथे वजनाचा प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. ७८ आसनं आणि माणसं-सामान मिळून उचलायची ताकद सुमारे साडेसात टन. ७८ माणसं गुणिले ७५ म्हणजे ५,८५० किलो. प्रत्येकी १५ किलोची बॅग धरली की आणखी १,१७०, बेरीज ७,०२०. आरामात बसलं. प्रत्येकी २० किलो धरा, बेरीज ७,४१०. बसलं, पण कडेला येऊन. प्रत्येकी २५ धरा, बेरीज ७,८००. आता बसत नाही. मग एक तर बॅगा मागे राहतात, नाही तर माणसं. त्यात आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर, धावपट्टी १,९३० मीटरची. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ झाली की विमानाची उचल आणखी कमी होते. किती कमी, ते त्या दिवसाचं तापमान आणि वारा ठरवतो.

एटीआरमध्ये सामानाच्या जागा दोन असतात, एक पुढे वैमानिकांच्या मागे आणि दुसरी शेपटीकडे. लोडर वॉकीवर सांगतो, "मागं बेचाळीस, पुढं अठरा," आणि आपण इकडे कागदावर तोल जुळवत बसायचं. शेपटी जड झाली की दोन बॅगा पुढे हलवायला सांगायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर हवाई सुंदरी येऊन विचारते, "काका, जरा पुढच्या रांगेत बसता का?" काकांना वाटतं चांगली जागा मिळाली. खरं तर काका स्वतःच त्या दिवसाचं तोलाचं माप झालेले असतात.

तर इथपर्यंत एवढं झालं: वजनाला खर्च आहे, लहान विमानात मर्यादाही खरी आहे, पण किलोला ६०० रुपये लागावेत इतका तो खर्च नाही. उरलेलं कारण धंद्याच्या रीतीत आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य.

आपल्याकडे मटण थाळी घेतली की तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी येत राहतो. आपण म्हणतो रस्सा फुकट. फुकट काही नसतो, थाळीच्या दरात धरलेला असतो. ज्याने एकच वाटी घेतली त्याने सहा वाट्या ओरपणाऱ्याचे पैसे भरलेले असतात. आता समजा गावातल्या सगळ्या खानावळींचे दर एकाच मोबाइलवर, स्वस्तापासून महागापर्यंत ओळीने दिसायला लागले आणि गिऱ्हाईक फक्त पहिल्या दोनच नावांकडे बघायला लागलं. पहिला शहाणा खानावळवाला काय करेल? रस्सा वेगळा काढेल, थाळी चाळीस रुपयांनी उतरवेल आणि यादीत वर जाईल. महिन्याभरात बाकीच्यांनाही तेच करावं लागेल. कोल्हापुरात असं कुणी केलं तर त्याचं काय होईल ते सांगायला नको, पण विमानात नेमकं हेच झालं.

मी कामाला लागलो तेव्हा तिकीट कार्बनचं, लाल अक्षरांचं पुस्तक असायचं. त्यात एका छोट्या चौकटीत '२० के' असं छापलेलं असे, म्हणजे २० किलो. भाव विचारायला माणूस एजंटाकडे यायचा आणि एजंट सांगेल ते घ्यायचा. शेजारच्या कंपनीचं तिकीट दोनशेने स्वस्त आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. २००३ मध्ये एअर डेक्कन आली, जेवण तिकिटातून वेगळं झालं. मग संगणकावर, पुढे मोबाइलवर सगळ्यांचे दर शेजारी शेजारी दिसायला लागले. माझ्या दुकानात आजही गिऱ्हाईक विचारतं ते एकच, "सगळ्यात कमी कितीला बसतंय?" बॅग किती किलो, हे दहातला एखादाच विचारतो. कंपन्यांना हे माझ्याआधी कळलं होतं.

ही वाट पाश्चात्त्य कंपन्यांनी आधीच पाडली होती. युरोपातल्या रायनएअरने २००६ पासूनच बॅगेचे पैसे वेगळे घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत २००८ च्या उन्हाळ्यात कच्चं तेल पिंपाला १४० डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेवर १५ डॉलर लावले. तेल त्याच वर्षाअखेरीस धाडकन खाली आलं. बॅगेचे पैसे मात्र राहिले. इंधन निमित्त असतं म्हणतो ते यावरून. तिथे आणखी एक गंमत आहे. देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर ७.५ टक्के केंद्रीय कर लागतो, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. मग भाडं कमी आणि शुल्क जास्त ठेवण्यात कंपनीचा फायदाच. साउथवेस्ट नावाची कंपनी "आमच्याकडे दोन बॅगा फुकट" या एका गोष्टीवर कित्येक वर्षं मिरवत होती, तिनेही मे २०२५ मध्ये ते बंद केलं.

आपल्याकडे २०१३ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, आवडीचं आसन, जेवण, सामान अशा सेवांचे पैसे तिकिटापासून वेगळे घ्यायला मुभा दिली, आणि त्याच वर्षी खासगी कंपन्या २० वरून १५ किलोवर उतरल्या. तुमची "पूर्वी २० चालायचं" ही आठवण तिथली आहे, आणि ती बरोबर आहे. एअर इंडिया बराच काळ वेगळी राहिली, अगदी २५ किलोपर्यंत नेऊ द्यायची, पण मे २०२४ पासून तिच्याही सगळ्यात स्वस्त भाड्यात १५ च किलो आले. मधल्या काळात सरकारने लगाम घालून पाहिला होता. २०१६ मध्ये डीजीसीएने सांगितलं, १५ ते २० किलोच्या दरम्यान किलोला १०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. कंपन्यांची संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ते बंधन रद्द झालं. ते टिकलं असतं तर तुमचे २,४०० ऐवजी ४०० च रुपये गेले असते. पुढे २०२१ मध्ये, ज्याच्याकडे फक्त हातातली पिशवी आहे त्याला आणखी स्वस्त तिकीट द्यायलाही परवानगी मिळाली.

या शेवटच्या प्रकाराने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं लग्नाला जायचं तिकीट मी घाईत काढलं. यादीत सर्वांत वरचं, तीनशे रुपयांनी स्वस्त. त्यात चेक-इन बॅग शून्य किलो होती, आणि माझी नजर त्या ओळीवरून घसरली. आजोबा आहेराची आख्खी बॅग घेऊन काउंटरवर उभे, आणि तिथून मला फोन. पैसे मी माझ्या खिशातून भरले. तेव्हापासून दुकानात प्रत्येक तिकिटावर वजनाच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल करतो. हे सांगायचं कारण, तुमच्या तिकिटावरही कुठेतरी १५ लिहिलेलं असणारच. पण ते किती बारीक अक्षरांत आणि किती वेळा बोट सरकवल्यावर दिसतं, ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

आता तिसरा प्रश्न, काउंटरचा दर. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते इथे पुरतं लागू पडतं. तिकीट काढताना तुमच्या हातात दहा पर्याय असतात. दुसरी कंपनी, रात्रीची ट्रॅव्हल्स, रेल्वे, किंवा बॅगच कमी भरणं. काउंटरवर तुमच्यापुढे दोनच: पैसे भरा, नाही तर लाडू काढून ठेवा. आणि लेकीसाठी केलेले लाडू कुठली आई काढून ठेवेल? कंपनीला हे ठाऊक असतं. तीच जादा बॅग ऑनलाइन आधी घेतली तर सहसा बरीच स्वस्त पडते.

पण लोडशीटवाला म्हणून कंपनीची बाजूही सांगतो. आदल्या रात्री जाहीर झालेलं वजन आम्ही हिशोबात बसवू शकतो. दारात अचानक उगवलेलं वजन नेमकं शेवटच्या वीस मिनिटांत येतं, जेव्हा इंधन भरून झालेलं असतं आणि माल चढलेला असतो. लहान विमान अर्ध्या तासात परत फिरवायचं असतं. बॅग उघडून सामान काढणारा एक प्रवासी मागच्या वीस जणांना अडवून ठेवतो. मी काउंटरवर माणसांना एकावर एक तीन शर्ट चढवताना पाहिलंय, जीन्सच्या खिशात भडंग कोंबताना पाहिलंय. म्हणून दर मुद्दाम टोचेल असा ठेवतात, की पुढच्या वेळी माणूस घरूनच मोजून येईल. यातलं टोचणं किती आणि कमाई किती, याची रेघ कंपनी आपल्या सोयीने ओढते. माझ्या मते ४ किलोंना २,४०० हे टोचणीच्या पुढचं आहे. तरी मी लूट म्हणणार नाही, कारण दर आधी जाहीर होता आणि स्वस्त तिकिटाचा फायदा तुम्हीही घेतलात. रेल्वेतही मर्यादा आहे, स्लीपरला ४० किलो. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये कुणी काटा घेऊन फिरत नाही एवढाच फरक.

परतीसाठी चार गोष्टी सांगतो, पण तिकीट कुठल्या प्रकारचं आहे त्यावर त्या बदलतील.

पहिली, रिकामी बॅग मोजा. जुन्या कडक सुटकेसा रिकाम्याच चार-पाच किलोच्या असतात. तुमचं जादा वजन कदाचित सगळं बॅगेचंच असेल. हातात धरून लटकवायचा लगेज काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर टाका, तो नाही म्हणणार नाही.

दुसरी, हातातल्या पिशवीचे ७ किलो पुरते वापरा. जड पण चालणाऱ्या वस्तू तिच्यात: लाडू, गूळ, पुस्तकं. चटणी आणि लोणचं मात्र हातात नको, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ते चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. पॉवर बँक नेमकी उलटी, ती हातातच. आणि सुकं खोबरं दोन्हीकडे नकोच. त्यात तेल भरपूर, आपोआप तापतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. बाळंतिणीच्या सामानात खोबऱ्याच्या वाट्या हमखास निघतात म्हणून मुद्दाम लिहितोय. हैदराबादच्या बाजारात खोबरं मिळतं.

तिसरी, जावईबापू किंवा कुणी बरोबर येणार असेल तर दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि काउंटरवर एकत्र उभे राहा. बहुतेक ठिकाणी दोघांचं वजन एकत्र धरतात, १९ आणि ११ चालून जातं. एक बॅग ३२ किलोवर मात्र कुणीच घेत नाही, कारण ती उचलणाऱ्याच्या पाठीचा प्रश्न असतो.

चौथी तुमच्यापेक्षा, ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेकदा २३-२३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. पण कोल्हापूर ते मुंबई वेगळं तिकीट काढलंत तर त्या टप्प्याला १५ च किलो धरले जातात, आणि वरच्या ३१ किलोंचे पैसे इथेच मोजावे लागतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर सहसा परदेशाचीच मर्यादा घरापासून लागते. माझ्या दुकानात दरवर्षी दोन-तीन कुटुंबं यात अडकून येतात. त्यांना मी सांगतो, अशा वेळी मुंबईपर्यंत गाडीच करा.

तुमच्या परतीच्या तिकिटाचं पान उघडा आणि 'चेक-इन बॅगेज'च्या पुढे आकडा काय आहे ते इथे लिहा. १५ असेल आणि नातवाचे फोटो, साड्या, लेकीने दिलेलं काहीबाही मिळून बॅग फुगणार असेल, तर जादा किलो आजच ऑनलाइन घ्या. बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या काही तास आधीपर्यंत ते विकतात, मग फक्त काउंटर उरतो. जाताना लाडू उतरलेत, तेव्हा येताना बॅग हलकी होईल असं मनात धरू नका. बाळंतपणाहून परतणाऱ्या आईची बॅग हलकी आलेली मी अकरा वर्षांत एकदाही पाहिली नाही.